भार वाहणारा डावखुरा : श्रीरामपूरच्या झहीर खानची कारकीर्द

सांघिक खेळांचा इतिहास बहुतेक वेळा शतके, गोल, गुण आणि बळी यांच्या आधारे लिहिला जातो, कारण या गोष्टी मोजता येतात, तक्त्यात मांडता येतात आणि पुढच्या पिढीला सांगता येतात; परंतु प्रत्येक विजयामागे असे काही काम झालेले असते, ज्यामुळे दुसऱ्या कोणाला शतक ठोकता येते किंवा निर्णायक बळी घेता येतो, आणि त्या कामाची नोंद गुणपत्रिकेत एक तर फार लहान अक्षरात होते किंवा होतच नाही. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील श्रीरामपूर गावाने भारतीय क्रिकेटला दिलेल्या झहीर खान या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याच्या नावावर ३११ कसोटी बळी आहेत, विश्वचषकाचे पदक आहे, अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री आहे. त्यामुळे त्याला अप्रसिद्ध म्हणता येणार नाही. तरीही त्याच्या हातून घडलेले बरेच मोठे सामने लोकांच्या स्मरणात दुसऱ्यांच्या नावाने राहिले आहेत, आणि त्याच्या कर्तृत्वाचा खरा अर्थ नेमका याच विसंगतीत सापडतो.

सहायक भूमिकेचा खेळाडू

अशा खेळाडूला ओळखण्याची पद्धत बास्केटबॉलने सर्वांत आधी आणि सर्वांत काटेकोरपणे विकसित केली. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीए या स्पर्धेत, मैदानावर एका वेळी प्रत्येकी पाचच खेळाडू असतात आणि संघाची बहुतेक आक्रमणे एक-दोन मोठ्या खेळाडूंच्या हातून होतात. उरलेल्यांपैकी ज्याला ठरावीक, मर्यादित पण अत्यावश्यक काम दिलेले असते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूला अडवणे, त्याला गैरसोयीच्या जागेवरून चेंडू फेकायला लावणे किंवा योग्य वेळी योग्य जागी उभे राहणे, त्याला तेथे रोल प्लेयर म्हणतात. शेन बॅटिए हा त्याचा अभ्यासला गेलेला नमुना होय. २००१ ते २०१४ या काळात तो मेम्फिस, ह्यूस्टन आणि मायामी या संघांकडून खेळला, त्याची कारकिर्दीची सरासरी एका सामन्यात नऊ गुणांपेक्षाही कमी होती, आणि तरी मायामीच्या २०१२ व २०१३ च्या विजेत्या संघांत त्याला स्थान होते. २००९ मध्ये मायकेल लुईस या लेखकाने त्याच्यावर न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात दीर्घ लेख लिहिला. आकड्यांत न दिसणारा हा खेळाडू मैदानात असताना त्याचा संघ अधिक चांगला आणि प्रतिस्पर्धी अधिक वाईट खेळतो, असे त्या लेखाचे प्रतिपादन होते.

हे मोजण्याच्या मापाला प्लस-मायनस असे नाव आहे. एखादा खेळाडू मैदानावर असताना दोन्ही संघांच्या गुणांत किती फरक पडला, याचा तो हिशेब असतो, आणि त्यातून खेळाडूच्या वैयक्तिक गुणांपेक्षा त्याच्या असण्या-नसण्याचा परिणाम पुढे येतो. क्रिकेटमध्ये हे माप जसेच्या तसे लावता येत नाही, कारण येथे प्रत्येक चेंडूचा हिशेब एका गोलंदाजाच्या आणि एका फलंदाजाच्या नावे वेगळा मांडला जातो, आणि झहीरच्या काळी बदली खेळाडूला गोलंदाजी करता येत नसल्याने जखमी गोलंदाजाची जागा तशीच रिकामी राहत असे. मात्र तो प्रश्न विचारता येतो : अमुक खेळाडू असताना काय झाले आणि नसताना काय झाले? झहीरच्या बाबतीत या प्रश्नाची उत्तरे बरीच बोलकी आहेत.

उसाच्या पट्ट्यातून आलेला गोलंदाज

झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूर येथे झाला. दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर स्थानक, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी आणि त्यावर उभी राहिलेली साखर कारखानदारी यांमुळे हे गाव बाजारपेठ म्हणून वाढले. जवळच हरेगाव येथे खासगी साखर कारखाना होता, आणि त्याच प्रवरेच्या खोऱ्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखान्याचा प्रयोग १९५० च्या सुमारास प्रत्यक्षात आला. अशा समृद्ध होत गेलेल्या गावातही चामडी चेंडूने, मातीच्या तयार खेळपट्टीवर, नियमित सराव करण्याची सोय त्या काळी मोठ्या शहरांसारखी नव्हती. येथील मुले प्रामुख्याने टेनिसच्या चेंडूवर क्रिकेट खेळत, आणि झहीरची सुरुवातही त्याच खेळात झाली. हिंद सेवा मंडळाची नवीन मराठी प्राथमिक शाळा आणि के. जे. सोमय्या माध्यमिक विद्यालय येथे त्याचे शिक्षण झाले.

अभियांत्रिकीचे शिक्षण की क्रिकेट, हा प्रश्न त्या वयाच्या हुशार मुलाच्या घरात जसा उभा राहतो तसा येथेही राहिला, आणि निर्णय क्रिकेटच्या बाजूने झाला. मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये त्याला सुधीर नाईक यांचे मार्गदर्शन लाभले. नाईक हे माजी कसोटी सलामीवीर, १९७०-७१ मध्ये रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबई संघाचे कर्णधार आणि पुढे वानखेडे मैदानाच्या खेळपट्टीची जबाबदारी सांभाळणारे गृहस्थ होते. तेथून चेन्नईतील एमआरएफ पेस फाउंडेशन या वेगवान गोलंदाजांच्या प्रशिक्षण केंद्रात त्याची निवड झाली; ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली आणि भारताचे टी. ए. शेखर ही या केंद्राशी जोडलेली नावे होती. रणजी क्रिकेटमध्ये मात्र तो १९९९-२००० च्या हंगामात उतरला तो बडोद्याच्या संघाकडून, आणि २०००-०१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध दुसऱ्या डावात ४३ धावांत ५ बळी घेऊन त्याने बडोद्याला करंडक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. गाव नगर जिल्ह्यातले, घडण मुंबई आणि चेन्नईची, संघ गुजरातमधला, असा हा प्रवास आहे. आणि लहान गावातील गुणी मुलाला आपली जागा किती दूर जाऊन शोधावी लागते, हेही त्यातून दिसते.

पहिली पाच वर्षे : वेग, यश आणि जखमा

ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबी येथील आयसीसी नॉकआउट स्पर्धेत त्याने आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात त्याने स्टीव्ह वॉ यांचा त्रिफळा यॉर्करवर, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी पडणाऱ्या चेंडूवर, उडवला; परंतु तो सामना मुख्यतः लक्षात राहिला तो तेव्हाच नव्याने आलेल्या युवराज सिंगच्या ८४ धावांमुळे. पुढच्याच महिन्यात ढाका येथे झहीरचे कसोटी पदार्पण झाले. करसन घावरी यांच्यानंतर भारताला दीर्घकाळ टिकणारा डावखुरा वेगवान गोलंदाज मिळालेला नव्हता, त्यामुळे त्याच्या येण्याला विशेष महत्त्व होते.

याच काळात त्याच्या कारकिर्दीचे एक लक्षण पहिल्यांदा स्पष्ट झाले. जुलै २००२ मध्ये लॉर्ड्सवर नॅटवेस्ट मालिकेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने ५ बाद ३२५ धावा केल्या, तेव्हा त्यांपैकी ३ बळी झहीरचे होते, आणि भारताने ३ चेंडू आणि २ गडी राखून विजय मिळवला तेव्हा शेवटचा फटकाही त्याच्याच बॅटमधून निघाला. तरी त्या सामन्याची स्मृती मोहम्मद कैफची खेळी आणि सौरव गांगुलीने सज्जात फिरवलेला शर्ट या दोन गोष्टींत सामावली आहे. डिसेंबर २००४ मध्ये ढाका येथे बांगलादेशाविरुद्ध सचिन तेंडुलकरने नाबाद २४८ धावा केल्या, ही त्याची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या ठरली. त्या खेळीतील शेवटच्या गड्यासाठीच्या १३३ धावांच्या भागीदारीत दुसऱ्या टोकाला अकराव्या क्रमांकावर येऊन ७५ धावा करणारा खेळाडू झहीर होता. अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाची कसोटीतील ती त्या वेळची सर्वोच्च धावसंख्या होती.

या काळाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००३ च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले, परंतु २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या, ७ षटकांत ६७ धावा देऊनही एक बळी मिळाला नाही, आणि ऑस्ट्रेलियाने २ बाद ३५९ धावा उभारल्या. त्याच वर्षी ब्रिस्बेन कसोटीत त्याने ९५ धावांत ५ बळी घेतले, मात्र दुखापतीमुळे पुढची अॅडलेड कसोटी त्याला खेळता आली नाही. भारताने ती कसोटी राहुल द्रविडच्या दोन मोठ्या खेळी आणि अजित आगरकरच्या ४१ धावांतील ६ बळींच्या जोरावर जिंकली, आणि झहीरच्या जागी आलेल्या इरफान पठाणने तेथे पदार्पण केले. असण्या-नसण्याच्या हिशेबात हा विजय झहीरच्या विरुद्ध जातो आणि तो तसाच मांडला पाहिजे. त्या वेळचा झहीर वेगवान आणि धोकादायक होता, पण संघ ज्याच्यावर भार टाकून निर्धास्त राहील असा गोलंदाज तो अजून झालेला नव्हता.

वुस्टरशायर : कारागिरीची पुनर्बांधणी

२००५ च्या अखेरीपासून तो भारतीय संघाच्या आत-बाहेर होऊ लागला आणि २००६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील वुस्टरशायर या काउंटीकडून खेळायला गेला. काउंटी म्हणजे इंग्लंडमधील परगण्यांचे व्यावसायिक संघ. त्यांच्या चार दिवसांच्या स्पर्धेत एका हंगामात एका गोलंदाजाला शेकडो षटके टाकावी लागतात, आणि दुसऱ्या दिवशी शरीर दुखत असले तरी पुन्हा तेच काम करावे लागते. झहीरने त्या हंगामात ७८ प्रथम श्रेणी बळी घेतले. एसेक्सविरुद्धच्या एका डावात १३८ धावांत ९ बळी मिळवले. परंतु या बळींपेक्षा मोठा लाभ म्हणजे त्याची धाव आखूड झाली, शरीरावरचा ताण कमी झाला, आणि वेगाच्या जागी नियंत्रण हे त्याचे मुख्य शस्त्र बनले.

या कारागिरीचे चार घटक समजून घेतले पाहिजेत. पहिला घटक नव्या चेंडूचा स्विंग : चेंडूची शिवण ठरावीक कोनात धरून आणि एक बाजू चकाकती ठेवून टाकलेला चेंडू हवेत वळतो. दुसरा घटक रिव्हर्स स्विंग : चेंडू जुना होऊन एक बाजू खरबरीत झाली की पुरेशा वेगाने टाकल्यावर तो नेहमीच्या उलट दिशेला वळू लागतो, आणि भारतातील कोरड्या, चेंडू झिजवणाऱ्या खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजाचा तोच मोठा आधार असतो. झहीर धावत येताना चेंडू दुसऱ्या हाताने झाकून घेत असे, जेणेकरून चकाकती बाजू कोणती हे फलंदाजाला कळू नये. तिसरा घटक कोन : यष्टीच्या एका बाजूने टाकत असताना तो अचानक दुसऱ्या बाजूने, म्हणजे राउंड द विकेट, येऊ लागे, त्यामुळे विशेषतः डावखुऱ्या फलंदाजाने तोपर्यंत मनात बसवलेली रेषा बिघडे आणि कोणता चेंडू सोडायचा व कोणता खेळायचा याचा निर्णय त्याला नव्याने करावा लागे. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार ग्रॅम स्मिथ याने या गोलंदाजीपुढे पुन्हा पुन्हा बळी दिला. चौथा घटक पुढे विकसित झालेला नकल बॉल : बोटांच्या सांध्यांजवळ चेंडू धरून हाताची गती तशीच ठेवायची, पण चेंडू मात्र संथ सुटतो. या चारही गोष्टींत समान सूत्र एकच होते, ते म्हणजे फलंदाजाला ठरावीक जागी आणून मग चेंडू बदलणे. याचा परिणाम बऱ्याचदा दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजालाही मिळतो, कारण एका बाजूने धावा अडल्या की फलंदाज दुसऱ्या बाजूने धोका पत्करतो.

परदेशातील विजय आणि त्यांचे मानकरी

डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्गला भारताने दक्षिण आफ्रिकेत पहिली कसोटी जिंकली. यजमानांचा पहिला डाव ८४ धावांत संपला आणि नायक ठरला ५ बळी घेणारा श्रीशांत, ज्याच्यासोबत नव्या चेंडूने दुसरे टोक झहीर सांभाळत होता. २००७ च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र केंद्रस्थानी तोच आला. ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने ५९ धावांत ४ आणि ७५ धावांत ५ असे ९ बळी घेतले. तो फलंदाजी करत असताना इंग्लंडच्या खेळाडूंनी खेळपट्टीवर जेली बीन्स, म्हणजे गोड गोळ्या, टाकल्याचा प्रकार त्या वेळी बराच गाजला, पण त्यापेक्षा महत्त्वाचे हे की भारताने ती कसोटी ७ गडी राखून आणि मालिका १-० अशी जिंकली, व १९८६ नंतर इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका विजय मिळवला. तीन कसोटींत १८ बळी घेणाऱ्या झहीरचा पुढच्या वर्षी विस्डेनच्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत समावेश झाला. जानेवारी २०१० मध्ये मिरपूरला बांगलादेशाविरुद्ध ८७ धावांत ७ ही त्याची डावातील सर्वोत्तम कामगिरी, आणि १४९ धावांत १० ही सामन्यातील सर्वोत्तम कामगिरी नोंदली गेली.

असण्या-नसण्याचा प्रश्न सर्वांत स्वच्छपणे सुटतो तो डिसेंबर २०१० च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात. सेंच्युरियनच्या पहिल्या कसोटीत जखमी झहीर नव्हता आणि भारत एक डाव व २५ धावांनी हरला. डरबनच्या दुसऱ्या कसोटीत तो परतला, दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले, आणि दुसऱ्या डावात व्हीव्हीएस लक्ष्मण ९६ धावांची झुंज देत असताना आठव्या गड्यासाठी त्याच्यासोबत ७० धावांची भागीदारी केली, ज्यात झहीरच्या २७ धावा होत्या. भारत ८७ धावांनी जिंकला. सामन्याच्या आठवणीत लक्ष्मणची खेळी, हरभजनचे १० धावांतील ४ बळी आणि जॅक कॅलिसला थरकावणारा श्रीशांतचा उसळता चेंडू यांना मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यही आहे. पण दोन कसोटींतील संघात पडलेला सर्वांत मोठा फरक म्हणजे झहीरचे परत येणे होय.

२०११ : विश्वचषक आणि लॉर्ड्स

२०११ च्या विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू युवराज सिंग ठरला आणि अंतिम सामन्याचे चित्र महेंद्रसिंग धोनीच्या षटकाराने कायमचे ठरले. त्या स्पर्धेत झहीरने ९ सामन्यांत २१ बळी घेतले, शाहिद आफ्रिदीसह सर्वाधिक. आणि एकाही सामन्यात तो बळीवाचून राहिला नाही. बंगळुरूला इंग्लंडविरुद्ध भारताच्या ३३८ धावांचा पाठलाग होत असताना धावफलक २ बाद २८१ असा होता आणि अँड्र्यू स्ट्रॉस १५८ धावांवर खेळत होता. तेथे झहीरने इयान बेल व स्ट्रॉस यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले, लगेच पॉल कॉलिंगवूडलाही माघारी पाठवले, आणि हातातून गेलेला सामना बरोबरीत सुटला. उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या मायकेल हसीचा त्रिफळा संथ चेंडूवर उडाला. २ एप्रिलला वानखेडेवरील अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्या ५ षटकांपैकी ३ निर्धाव होती, फक्त ६ धावा गेल्या आणि १ बळी मिळाला. नंतरच्या ५ षटकांत ५४ धावा गेल्याने अंतिम नोंद ६० धावांत २ बळी अशी झाली. गुणपत्रिकेतील ही नोंद साधारण दिसते. आठ वर्षांपूर्वी अंतिम सामन्याच्या पहिल्याच षटकात ज्याचा तोल गेला होता, त्याच गोलंदाजाने पुढच्या अंतिम सामन्याची सुरुवात प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ न देता केली, हे त्या नोंदीतून कळत नाही.

त्याच वर्षी २१ जुलैला लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्या दिवशी झहीरने १३.३ षटकांत १८ धावा देऊन इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर बाद केले आणि मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीने षटक अर्धवट सोडून तो मैदानाबाहेर गेला. ती कसोटी भारत हरला आणि मालिका ४-० अशी गेली. पराभवाची कारणे अनेक होती, फलंदाजीही कोसळली होती, त्यामुळे सगळा निकाल एका स्नायूवर ढकलणे चुकीचे ठरेल. परंतु दिशाहीन झालेल्या गोलंदाजीला सावरणारे कोणी उरले नव्हते, ही गोष्ट त्या मालिकेने उघड केली. झहीर गोलंदाजी करत नसताना अनेकदा मिड-ऑफला, म्हणजे गोलंदाजाच्या धावेजवळच्या जागी, उभा राहत असे आणि तरुण गोलंदाजाला प्रत्येक चेंडूमागे काय करायचे ते सांगत असे. या कामासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही.

वेलिंग्टन : एकाच खोऱ्यातील दोघे

डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला कॅलिसला पायचीत करून त्याने ३०० कसोटी बळी पूर्ण केले. त्याची अखेरची कसोटी फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला झाली. भारताने २४६ धावांची आघाडी घेतली होती, न्यूझीलंडची अवस्था दुसऱ्या डावात ५ बाद ९४ होती, आणि तेथून ब्रेंडन मॅकलमने ३०२ धावा करून सामना वाचवला. न्यूझीलंडच्या फलंदाजाचे ते पहिले कसोटी त्रिशतक होते. पस्तिशी ओलांडलेल्या झहीरने त्या डावात ५१ षटके टाकली, १७० धावांत ५ बळी घेतले, आणि अखेर मॅकलमला बाद करणाराही तोच होता. त्याच सामन्यात अजिंक्य रहाणेने ११८ धावा करून आपले पहिले कसोटी शतक पूर्ण केले. रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा, झहीरचा श्रीरामपूरचा. एकाच जिल्ह्याच्या, एकाच प्रवरेच्या खोऱ्यातील दोन तालुक्यांतून आलेल्या खेळाडूंपैकी एकाची कसोटी कारकीर्द जेथे संपली, तेथे दुसऱ्याच्या शतकांची सुरुवात झाली. दोघांनाही आपली घडण जिल्ह्याबाहेर, मुंबई परिसरात, करून घ्यावी लागली, ही गोष्ट जिल्ह्याने अभिमानासोबत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१५ ऑक्टोबर २०१५ रोजी झहीरने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. ९२ कसोटींत ३११ आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी त्याच्या नावे जमा होते. भारतीय वेगवान गोलंदाजांत कसोटी बळींच्या बाबतीत त्याच्या पुढे त्या वेळी फक्त कपिलदेव होते. त्यानंतर दोन हंगाम त्याने आयपीएलमध्ये दिल्लीचे नेतृत्व केले आणि पुढे मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनात काम पाहिले. ज्या इशांत शर्माला त्याने मिड-ऑफवरून वर्षानुवर्षे मार्गदर्शन केले, त्याच्या नावावरही पुढे ३११ कसोटी बळी जमले.

काय मोजावे

तालुक्याच्या मैदानावर मुलांची निवड होते तेव्हा बहुधा सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक बळी पाहिले जातात, कारण निवड करणाऱ्यांपुढे तेवढाच कागद असतो. झहीरची कारकीर्द सांगते की त्या कागदावर आणखी काही प्रश्न लिहायला हवेत : दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला बळी मिळावेत म्हणून धावा कोणी अडवल्या, मोठ्या फलंदाजाला साथ देत शेवटपर्यंत कोण उभा राहिला, दुखापतीनंतर आपली पद्धत बदलण्याची शिस्त कोणी दाखवली, आणि मैदानात स्वतःच्या पाळीची वाट पाहताना दुसऱ्याला कोणी शिकवले. या प्रश्नांची उत्तरे देणारे गुण जन्मजात नसतात. ते सरावाने, चांगल्या मार्गदर्शकाच्या सहवासात आणि योग्य खेळपट्टीवर तयार होतात. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी किंवा नेवाशाच्या मुलाला ते शिकण्यासाठी सतराव्या वर्षी गाव सोडावे लागू नये, इतकी व्यवस्था जिल्ह्यात उभी राहिली, तर झहीरच्या ३११ बळींचा जिल्ह्याने घेतलेला तो सर्वांत योग्य अर्थ ठरेल.